आजीचा चांदवा आणि मुलाचं फॉल्स सीलिंग



गेल्या महिन्यात मुलाने पुण्यातल्या नव्या फ्लॅटच्या इंटिरियरचं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं. सोबत एकच ओळ: "आई, एकदा नजर टाक, सीलिंगचं फायनल करायचंय." आता 'नजर टाक' म्हणजे 'हो म्हण' हे मला कळतं. पण कॉमर्स शिकलेल्या बाईला कोटेशन पाठवून नुसती नजर टाकायला सांगू नये. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि दुपारची झोप सोडून बेरजा करत बसले.

संध्याकाळी फोन केला आणि म्हटलं, "अरे, घरभर सीलिंग कशाला हवंय?" तो म्हणाला, "आई, हल्ली सगळेच करतात." हे उत्तर मला अपेक्षितच होतं. पण मागून सूनबाईंचा आवाज आला, "आई, तुमच्याकडे आहे की सीलिंग. मग आम्हालाच का नको?"

प्रश्न अगदी रास्त होता. मला चटकन उत्तर सुचलं नाही. खरं तर उत्तर होतं, पण ते मी घरात कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आज इथेही सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींच्या घरी आज ना उद्या हा विषय निघणारच.

आमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षांपूर्वी आम्ही हॉलला पीओपीचं सीलिंग केलं. कडेने खाच, त्यात लपवलेले दिवे. स्वयंपाकघरात पीव्हीसीच्या पट्ट्यांचं सीलिंग. पाहुणे आले की मान वर करून बघायचे आणि मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

पहिल्या दिवाळीला साफसफाईसाठी शिडी लावली आणि हॉलच्या त्या खाचेत ओलं फडकं घातलं. हाताला काहीतरी चुरचुरलं. दिव्याच्या उजेडाला पावसाळाभर आलेले किडे, वाळवीचे पंख, छोटे पतंग, सगळे तिथे मरून पडले होते. मूठभर नाही, चांगलं सुपलीभर निघालं. खाच खालून दिसत नाही, म्हणून आपल्याला ठाऊकच नसतं. आपण संध्याकाळी दिवेलागणीच्या आत जेवून घेतो, का, तर दिव्यावरचे जीव अन्नात पडू नयेत. आणि इथे मी जेवण उरकून, हात जोडून, रोज संध्याकाळी डोक्यावर दीडशे फूट उजेड लावून ठेवत होते, फक्त शोभेसाठी.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. चिमणीचा पाइप बाहेर काढायला पट्टीला भोक पाडलं होतं, ते नीट बुजवलं नाही. वरची पोकळी अंधारी आणि ओट्याच्या वाफेने ऊबदार. झुरळांना आणखी काय हवं? रात्री ओट्यावर दिसायची, दिवा लावला की वर पळायची. मी कडुलिंबाचा पाला ठेवला, लवंगा ठेवल्या, ओटा कोरडा ठेवायला लागले. पण वर हातच पोचत नव्हता. पट्ट्या एकीत एक अडकवलेल्या, एक काढायची तर भिंतीपासून सगळ्या सोडवायच्या. दोन वर्षं अशीच काढली. मग नात चार महिन्यांची असताना सूनबाई राहायला यायच्या होत्या. तान्ह्या लेकराच्या दुधाच्या बाटल्या त्याच ओट्यावर राहणार. मी घाबरले आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं.

तो आला त्या सकाळी मी घरात थांबले नाही. मंदिरात जाऊन बसले. जणू घरात जे चाललंय त्याच्याशी माझा काही संबंध नाही. माळ हातात होती, पण मन घरीच होतं. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, की स्वतः केलं काय, दुसऱ्याकडून करवलं काय, की त्याला मनातून संमती दिली काय, कर्माच्या वहीत तिन्हींची नोंद होते. कृत, कारित, अनुमोदना. पैसे मी मोजले होते, फोन मी केला होता. मंदिरात बसून 'कारित' पुसलं जात नाही. संध्याकाळी केरसुणीने जे गोळा केलं ते कधी विसरले नाही. त्या वर्षी पर्युषणात उत्तम क्षमेच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागताना शब्द घशात अडकले होते.

गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण ऐकत आलोय: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घर बांधणं, रांधणं, झाडणं यात होते ती आरंभी. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, जपून वागायचं एवढंच हाती असतं. व्यवसायात होते ती उद्योगी. रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. ठरवून मारणं ती संकल्पी, ती श्रावकाने करायचीच नाही. त्या दिवसाची हिंसा मी मनात 'विरोधी' म्हणून लिहून टाकली होती, नातीच्या रक्षणासाठी. पण हिशेबाची सवय अशी, की चुकीच्या खात्यातली नोंद टोचत राहते. झुरळं माझ्या घरात घुसली नव्हती. मीच त्यांना अंधारं, ऊबदार, माणसाचा हात न पोचणारं घर बांधून दिलं होतं, चौरस फुटाला पैसे मोजून. आणि मग त्यात राहिली म्हणून मारलं. याला रक्षण म्हणायचं?

पुढच्याच महिन्यात स्वयंपाकघराचं सीलिंग काढून टाकलं. स्लॅबला साधा पांढरा रंग दिला. आता क्वचित एखादं झुरळ दिसतं, ते कागदावर घेऊन, वर पेला पालथा घालून बाहेर सोडून येते. हॉलच्या खाचेतले दिवे तेव्हापासून बंद आहेत.

हे सगळं ऐकल्यावर फोनवर दोघंही थोडा वेळ गप्प होते. मग सूनबाई म्हणाल्या, "आई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" लाज वाटली म्हणून, दुसरं काय.

आता कुणी म्हणेल, म्हणजे फॉल्स सीलिंग हेच पाप. तसं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट मला वाटतं, जैन घरात फॉल्स सीलिंगची कल्पना फार जुनी आहे. आपण तिला चांदवा म्हणत होतो.

मिरजेजवळच्या माझ्या माहेरच्या घराला कौलं होती. कौलांतून धूळ, कोळी, पाल, पाखरांचा कचरा काहीही खाली पडे. आजीने चुलीवर, चांगला उंच, मांजरपाटाचा चौकोनी चांदवा बांधला होता. एक पाण्याच्या घागरींवर, एक जेवायला बसायच्या जागेवर. श्वेतांबर घरांमध्ये तर असे दहा ठिकाणी चांदवे बांधायची रीत सांगितली आहे. कारण एकच. वरून जीव पडून शिजत्या अन्नात, पाण्यात मरू नये आणि आपल्या पोटातही जाऊ नये. आजी आठ-पंधरा दिवसांनी चांदवा सोडायची, परसात नेऊन हलक्या हाताने झटकायची, धुऊन, वाळवून परत बांधायची.

या चांदव्याकडे आता मी वेगळ्या नजरेने बघते. त्याला कारण होतं. तो हवा तेवढ्याच जागी होता, सगळ्या घरावर नव्हता. तो सोडता येत होता. आणि खर्च काय, तर दोन वार कापड. आपलं आजचं सीलिंग या चार गोष्टींत नेमकं उलटं असतं. कारण ठाऊक नसतं, घरभर असतं, एकदा केलं की फोडल्याशिवाय उघडत नाही, आणि खर्चाचा आकडा काम संपल्यावर कळतो.

म्हणून माझं मत असं, की सीलिंग ठरवताना क्रम बदलावा. आधी कारण, मग मर्यादेचा आकडा, मग माल, आणि डिझाइन सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत मोबाइलवरच्या फोटोपासून, म्हणजे डिझाइनपासून सुरुवात होते. म्हणूनच बाकीचं सगळं फसतं.

कारण कोणतं खरं धरायचं? बाथरूममध्ये वरच्या घराचे पाइप लोंबत असतील तर ते झाकायला सीलिंग हवं. एसीचे पाइप, वायरी, मधेच आलेली तुळई झाकायची असेल तर तेवढ्या पट्ट्यापुरतं हवं. घरातून काम करणाऱ्या माणसाच्या खोलीत आवाज घुमत असेल, वरच्या मजल्यावरचा आवाज त्रास देत असेल, तर त्या खोलीत हवं. अगदी वरचा मजला असेल आणि स्लॅब तापत असेल तर थोडा उपयोग होतो, पण आधी गच्चीवर बाहेरून पांढरा थर किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करावी. ऊन बाहेरच अडवणं कधीही चांगलं. 'सगळे करतात', 'फोटोत छान दिसतं', 'रिकामं वाटतं' ही कारणं नव्हेत. अनर्थदंड म्हणजे काय हे मला लहानपणी कधी नीट कळलं नव्हतं. गरज नसताना माती खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं याला आपल्या शास्त्रात प्रमादचर्या म्हणतात, तो अनर्थदंडाचाच एक प्रकार. पीओपी काय आणि जिप्सम बोर्ड काय, दोन्ही जमिनीतून खणून काढलेलं एकच खनिज, आपल्या देशात मुख्यतः राजस्थानातलं. कारण असेल तर वापरावं, गृहस्थाला ते चालतं. कारण नसेल तर तो नुसता दंड आहे, खिशालाही आणि जिवालाही.

आता मालाचं बघू. मला कळलं तेवढं सांगते.

पीओपी म्हणजे जिप्सम भाजून केलेली भुकटी. ती जागेवर पाण्यात कालवून जाळीवर लावतात. हवा तसा गोलावा, नक्षी काढता येते, सांधे दिसत नाहीत. पण सगळं कारागिराच्या हातावर अवलंबून. घरभर धूळ होते, वाळायला दिवस लागतात, आणि घाईने रंग मारला तर डाग उमटतात.

जिप्सम बोर्ड कारखान्यात तयार होऊन येतो. साधारण साडेबारा मिलिमीटर जाडीचा, सहा बाय चारचा. पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा करून त्याला स्क्रूने ठोकतात. काम लवकर, धूळ कमी. पण सांध्यांवर कागदी पट्टी लावून नीट भरलं नाही, तर वर्षभरात तिथे बारीक भेगा दिसायला लागतात. पीओपी असो की जिप्सम, पाण्यापुढे दोघांचंही काही चालत नाही. दमट जागेसाठी वेगळा, पाण्याला थोडा टिकणारा हिरवा बोर्ड मिळतो, पण तोही गळती सोसण्यासाठी नसतो.

पीव्हीसीच्या पट्ट्यांना पाण्याची भीती नाही, रंगवावं लागत नाही, म्हणून बाथरूमला चांगल्या. पण आचेने मऊ पडतात, म्हणून गॅसच्या वर नकोत. आणि एक तरी झडप ठेवून घ्या, नाहीतर माझ्या स्वयंपाकघरासारखी गत होते.

ऑफिसात असतं ते दोन बाय दोनच्या चौकोनांचं सीलिंग घरात कुणाला आवडत नाही, पण गुणाने ते आजीच्या चांदव्याच्या सगळ्यात जवळचं. हाताने चौकोन उचलला की वरचं सगळं दिसतं. प्लायवूडचं सीलिंग मात्र करूच नये असं मला वाटतं. आपल्याकडची वाळवी बघता आज प्लाय लावणं म्हणजे उद्या वाळवीचं औषध मारणं.

उंचीही मोजा. स्लॅबखाली साडेनऊ फूट मिळत असतील आणि सहा इंच सीलिंगमध्ये गेले तर राहिले नऊ. पंख्याची पाती आणि वरचं छत यांत साधारण फूटभर अंतर नसेल तर पंखा नुसता फिरतो, वारा लागत नाही. म्हणजे पंखा आणखी खाली येणार. आणि पंखा, झुंबर काहीही जड असलं तरी त्याचा हूक स्लॅबलाच हवा, बोर्डाला कधीही नाही. सांगाडा झाकण्याआधी सगळ्या वायरींचे आणि हुकांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कधी ड्रिल मारायची वेळ आली तर हेच फोटो उपयोगी पडतात.

आता मुलाच्या कोटेशनकडे येते. हे दर त्याला पुण्यात मिळालेले आहेत, तुमच्या गावात कमीजास्त असतील. दरांपेक्षा रीत बघा.

पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं: जिप्सम सीलिंग, 110 रुपये चौरस फूट, 640 चौरस फूट, 70,400 रुपये. मुलाच्या डोक्यात हाच आकडा होता, 'सत्तर हजारांत घर होतंय'. पुढच्या पानांवर बारीक अक्षरात बाकीचं. खाच 150 रनिंग फूट, 120 रुपयांनी 18,000. गोल दिवे 42, प्रत्येकी 450 प्रमाणे 18,900. त्यांचे 42 वायरिंग पॉइंट, 350 प्रमाणे 14,700. खाचेतली दिव्यांची पट्टी 150 फूट, 90 रुपयांनी 13,500. रंग 640 चौरस फूट, 25 रुपयांनी 16,000. बेरीज 1,51,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 27,270. एकूण 1,78,770 रुपये.

मग मी खोल्यांची मापं घेऊन जमीन मोजली. हॉल 198, बेडरूम 143, दुसरी लहान खोली 110, स्वयंपाकघर 80, बोळ 36. मिळून 567 चौरस फूट. म्हणजे 110 रुपयांचं म्हणून सुरू झालेलं सीलिंग खोलीच्या प्रत्येक फुटाला 315 रुपयांना पडत होतं. मैत्रिणींनो, दर विचारू नका. सगळं धरून, कर धरून, एकूण किती, हे विचारा आणि त्या आकड्याला आपल्या खोलीच्या मापाने भागा. तो खरा दर.

567 चे 640 कसे झाले? इंटिरियर करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, उभ्या पट्ट्या पण मोजतात ना." मोजतात, हे मला मान्य आहे. पण मी म्हटलं, "बाळा, खाचेचे रनिंग फुटाने 18 हजार वेगळे लावलेत. उभी पट्टी म्हणजे त्या खाचेचीच बाजू. एकाच पट्टीचे दोनदा पैसे कसे घ्यायचे?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "बरोबर आहे काकू, 73 फूट कमी करतो." नुसत्या सीलिंगचेच 8,030 रुपये एका फोनवर कमी झाले, रंगाचे आणि कराचे वेगळे. मुलगा प्रामाणिक होता, फसवत नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि कोटेशनमध्ये काय नव्हतं? बाथरूम! जिथे वरच्या घराचे पाइप डोक्यावर लोंबतायत, जिथे सीलिंगला खरंखुरं कारण आहे, ती जागा यादीतच नव्हती. कारण पाहुणे तिथे मान वर करून बघत नाहीत.

विजेचाही हिशेब केला. खाचेतल्या पट्टीला मीटरमागे साधारण दहा वॅट. 150 फूट म्हणजे 45 मीटर, म्हणजे 450 वॅट. रोज चार तास लावली तर वर्षाला साडेसहाशे युनिट. आणि हा उजेड पडतो छतावर. पुस्तक वाचायला खाली दुसरा दिवा लावावाच लागतो.

परिग्रहपरिमाण व्रताची गंमत अशी आहे, की त्यात 'वस्तू घेऊ नका' असं म्हटलेलं नाही. 'मर्यादा आधी ठरवा आणि मग ती ओलांडू नका' असं म्हटलेलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना शेत आणि घर ही जोडी सगळ्यात आधी येते. घराचा मोह किती जुना आहे बघा! कॉमर्समध्ये आम्हाला बजेट शिकवलं ते दुसरं काय होतं? आकडा आधी कागदावर, बाजारात नंतर. कोटेशन आल्यावर ठरवलेलं बजेट हे बजेट नव्हे, ती शरणागती.

मुलाला आणि सूनबाईंना मी एवढंच सांगितलं, "दोघं बसा आणि सीलिंगला किती घालायचे ते एका कागदावर लिहा. मग डिझाइन बघा." त्यांनी 75 हजार लिहिले.

मग पुन्हा मांडणी केली. हॉलमध्ये एसीचे पाइप आणि तुळई झाकायला भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा, 36 चौरस फूट. बोळ 36. सूनबाई घरून काम करतात ती खोली पूर्ण, 110. मिळून 182 चौरस फूट जिप्सम, खाच नाही, 20,020 रुपये. कामाच्या खोलीत आवाजासाठी बोर्डावर काचलोकर, 3,300. दोन बाथरूमला पीव्हीसी, 80 चौरस फूट, 120 च्या दराने 9,600. दिवे 14, त्यांचे 6,300 आणि पॉइंटचे 4,900. रंग 4,550. दोन झडपा, 3,000. बेरीज 51,670, कर 9,301, एकूण 60,971. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरले तरी 67 हजार. हॉल आणि बेडरूमला भिंतीवरचे दिवे 8 हजारांत. झाले 75 हजार.

सगळं माझ्या मनासारखं झालं असं समजू नका. कामाच्या खोलीत मी चौकोनी, उचलता येणारं सीलिंग सुचवलं होतं. सूनबाई म्हणाल्या, "आई, दिवसभर ऑफिसचं काम करायचं, वर बघितलं तरी ऑफिसच दिसावं का?" हे मला पटलं. तिथे सपाट जिप्सम ठरलं. मी फक्त झडप मागितली आणि वायर जाते ती भोकं सिमेंटने पक्की बुजवून घ्यायची अट घातली. आठवणीने तपासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. स्वयंपाकघराला हात लावायचा नाही, हे मात्र मी न सांगता त्यांनीच ठरवलं.

झडपेचा आग्रह नुसता जिवांसाठी नाही. आमच्या शेजारच्या घरात वरच्या बाथरूमची गळती सीलिंगमुळे कितीतरी महिने कळलीच नाही. कळली तेव्हा बोर्डाचा फुगलेला तुकडा पलंगावर पडला. नशीब, पलंगावर कुणी नव्हतं. स्लॅब उघडी असती तर पहिला डाग दिसला त्याच दिवशी प्लंबर आला असता. झाकलेलं दुखणं वाढतं, शरीराचं काय आणि घराचं काय.

वाचलेल्या लाखभराचं काय, असं विचाराल. ते पैसे मुळात नव्हतेच, कर्जात वाढवून घ्यायचे होते. 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी एक लाख घेतले, तर महिन्याला 2,076 रुपये हप्ता आणि फेडताना एकूण साधारण 1,24,500. जे डोक्यावर आहे ते बघायचं आणि त्याचा हप्ताही डोक्यावर. मुलगा हसून म्हणाला, "आई, डबल सीलिंग!"

आता उरलं माझ्या हॉलचं. नऊ वर्षांचं पीओपी अजून धड आहे. फोडून काढलं तर पुन्हा धूळ, राडारोडा, खर्च, म्हणजे एका अनर्थावर दुसरा. म्हणून ते ठेवलंय. या दिवाळीला शिडी लावीन तेव्हा खाचेत फक्त धूळच निघावी, किडे निघू नयेत, इतकीच इच्छा. दिवे बंद केल्यापासून तसंच निघतंय.

तुमच्या घरी काम चालू असेल, तर एक करा. शेवटचा बोर्ड ठोकायच्या आधी एकदा स्टुलावर चढून आत बघा. हात कुठून जाईल ते विचारा. वायरींची भोकं बुजली का ते बघा. एकदा ते बंद झालं की आत काय जगतंय आणि काय मरतंय, हे आपल्याला दिसत नाही. पण ते आपल्याच घरात, आपल्याच पैशाने होत असतं.

जय जिनेंद्र.